नात्याचा रकाना

आई, तुझा फोन मी अजून बंद केलेला नाही. देव्हाऱ्याशेजारी, तुझ्या चष्म्याच्या डबीला टेकवून ठेवलाय आणि रोज सकाळी न चुकता चार्जिंगला लावते. नंदूला वाटतं, ताईचा जीव अडकलाय त्याच्यात. तसं वाटू दे. खरं कारण असं की त्या फोनवर इन्कम टॅक्सचे मेसेज येतात, आणि ते नंदूच्या नजरेला पडायच्या आत मला बघायचे असतात.

परवा तुझ्या बाराव्याला पानं वाढत होते तेव्हा तो वाजला. हातात वरणाची वाटी होती, ती तशीच ठेवून मी आत गेले. मेसेज इंग्रजीत, तुझ्या नावाने. मेलेल्या बाईच्या नावाने सरकारने लिहिलं होतं की तुमच्या उत्तराबाबत खुलासा हवा आहे. मी फोन उलटा ठेवला, बाहेर येऊन सगळ्यांना वरण वाढलं, आग्रह केला. समोरच्या सावंतवहिनी म्हणाल्यासुद्धा, बेबी किती धीराची. धीर कसला, दोघांच्या पानावर मी वरण दोनदा वाढलं.

आता लपवाछपवी पुरे. तू गेलीस त्याच्या चार दिवस आधी मी तुझ्या नावाने एक उत्तर पाठवलं. त्यात लिहिलंय की नंदू तुझा मुलगा नाही. तुला सांगितलं नव्हतं. नंदूलाही अजून सांगितलेलं नाही. पण आलेल्या खुलाशाच्या पत्रावर त्याची सही हवी आहे आणि शनिवारी त्याचं मस्कतचं विमान आहे. आज शुक्रवार. तो तुझा मृत्यूचा दाखला आणायला वॉर्ड ऑफिसात गेलाय; टॅक्सच्या फायलीला काही कागद हवेत, एवढंच त्याला माहीत आहे. तो यायच्या आत तुझ्याशी बोलून घेते, कारण त्याला काय सांगायचं ते आधी तुला सांगायला हवं.

तो आला तो दिवस मला लख्ख आठवतो. मी सहा वर्षांची, तो चारचा. त्याची आई गावी तापाने गेली आणि त्याच्या बापाने, भाऊकाकांनी, त्याला एसटीत घालून परळ डेपोत आणलं, तिथून चालत काळाचौकीच्या आपल्या खोलीत. सोबत एक बोचकं आणि फणसाचे चार गरे, तेही प्रवासात काळे पडलेले. "शाळेपुरतो ठेवा, वैनी," म्हणाले आणि संध्याकाळच्या गाडीने परत गेले. वर्षभरात त्यांनी दुसरं लग्न केलं. शाळा संपली, आयटीआय संपलं, नंदूला टक्कल पडायला लागलं, तरी ते त्याला न्यायला आले नाहीत.

सुरुवातीचा महिनाभर तो दुपारी उठून डेपोच्या दिशेने चालायला लागायचा. दोनदा शेजाऱ्यांनी धरून आणला. मग तू निजताना पदराचं टोक त्याच्या मनगटाला बांधायला लागलीस. त्याने कूस बदलली की तुला जाग यायची. मी पलीकडे भिंतीला लागून झोपायचे. मला पदर बांधायची गरज नव्हती, मी कुठे जाणार होते? हे तेव्हा कळायचं नाही. नुसता राग यायचा. आठवड्यातून एकदा अंडं उकडायचीस आणि शिवायच्या दोऱ्याने त्याचे बरोब्बर दोन भाग करायचीस. सुरीने बलक चिकटतो म्हणून दोरा. आई, आज सांगते, माझा अर्धा भाग मला कायम लहान दिसायचा. तो लहान नव्हता. पण मी पन्नाशी ओलांडली तरी ते अर्धं अंडं माझ्या डोळ्यांसमोरून गेलेलं नाही, आणि पुढे जे झालं त्यात त्याचाही हात असेल की काय अशी मला भीती वाटते.

बाबांनी त्याला दत्तक घेतलं नाही. भाऊ जिवंत असताना त्याच्या पोराला दत्तक घ्यायचं म्हणजे गावात चर्चा, भावाने पोर विकलं म्हणून. "नाव त्याच्या बापाचंच लागू दे, पोटाला आपण घालू," असं बाबा म्हणाले. म्हणून शाळेच्या दाखल्यावर नंदकुमार सीताराम. मी मात्र बेबी विठ्ठल. घरात मात्र पुतण्या हा शब्द कधी उच्चारला गेला नाही. तो तुला आई म्हणायचा, मला ताय. मिलचा संप झाला, बाबा खचले, गेले. नंदू मस्कतला एका हॉस्पिटलात एसीच्या कामाला लागला, आणि तेव्हापासून आपल्या घरात जे काही उभं राहिलं ते त्याच्या जिवावर. माझा पगार भाजीला आणि बिलांना. मी लग्न केलं नाही, तुझ्याजवळ राहिले. तो लांब गेला आणि तुझ्या अधिक जवळ राहिला. हेही बोलून टाकते.

माझं काम काय, हे तू लोकांना नेहमी चुकीचं सांगायचीस. "आमची बेबी इन्कम टॅक्सात आसा," म्हणायचीस, जणू मी धाडी घालते. मी दादरच्या एका कर सल्लागाराच्या ऑफिसात बसते, पहिल्या मजल्यावर, पंख्याखाली. तीस वर्षं झाली. आणि तिथे माझ्याकडे खास काम कोणतं? परदेशातल्या नातेवाइकांनी पाठवलेल्या पैशांच्या फायली! मुलगी अमेरिकेतून आईला पाठवते, भाऊ दुबईतून बहिणीला पाठवतो. सर म्हणतात, म्हाताऱ्या माणसांशी बेबीने बोलायचं, ती ओरडत नाही. फायलीत चार कागद लागतात. बक्षीसपत्र, बाहेरून पैसा आल्याचा बँकेचा दाखला, देणाऱ्याच्या पासपोर्टची प्रत आणि नात्याचा पुरावा. पहिले तीन कोणीही आणतं. चौथ्यापाशी माणसं अडतात.

कारण नातेवाइकाने दिलेल्या भेटीवर कर नाही, हे सगळ्यांना माहीत असतं. पण नातेवाईक कोण, हे कायद्याने आपल्यापुरतं ठरवून ठेवलंय. काकाने पुतण्याला दिलं तर चालतं. पुतण्याने काकूला दिलं तर चालत नाही. तिथे ती भेट म्हणजे काकूचं उत्पन्न, भरा कर. वरून खाली आलेलं त्यांना नातं दिसतं, खालून वर गेलेलं दिसत नाही. ठाकूरद्वारचे एक आजोबा पुतण्याच्या पैशांची फाईल घेऊन आले होते. मी त्यांना अगदी गोड आवाजात म्हटलं, "आजोबा, पुतण्या यादीत बसत नाही हो." ते म्हणाले, "बाळ, त्याची मुंज मी लावलीय." मी म्हटलं, "मुंजीचा कागद चालत नाही." ते जिन्यावर कठडा धरत धरत खाली गेले. मला वाईट वाटलं, पण चहा आला आणि मी विसरले.

लोकां सांगे ब्रह्मज्ञान, स्वतः कोरडे पाषाण. त्यानंतर दोन महिन्यांनी नंदूने पैसे पाठवले. आपली चाळ पाडून टॉवर उभा राहतोय, आपण लालबागला भाड्याच्या घरात. नव्या इमारतीत हक्काच्या जागेला लागून थोडी जागा जास्त मिळत होती, पैसे भरून. नंदू फोनवर म्हणाला, "आई, माझी पण एक खोली असू दे. रिटायर झालंय की येतंय." तू दिवसभर त्या खोलीत पडदे कोणत्या रंगाचे लावायचे ते बोलत होतीस. बक्षीसपत्र मीच टाइप केलं. देणार नंदकुमार सीताराम. घेणार सुलोचना विठ्ठल. नात्याचा रकाना आला. मी 'मुलगा' लिहिलं आणि पुढच्या ओळीवर गेले.

आई, मी खोटं लिहीत नव्हते. मला सुचलंच नाही. सीताराम आणि विठ्ठल ही दोन नावं एकाखाली एक माझ्याच बोटांनी उमटली होती, आणि ज्या बाईने तीस वर्षं दुसऱ्यांच्या कागदांतल्या अशा चुका पकडल्या तिला घरचा कागद दिसला नाही. नंदूने मस्कतहून सही करून पाठवला. त्यालाही काही खटकलं नाही. कसं खटकेल?

जागेची नोंदणी झाली आणि काही महिन्यांनी पहिलं पत्र आलं. पैसा कुठून आला? मी रुबाबात उत्तर दिलं, मुलाने दिला, हे घ्या बक्षीसपत्र. दुसरं पत्र आलं. मुलाच्या जन्माचा दाखला जोडा. ते पत्र मी ऑफिसातल्या कॉम्प्युटरवर वाचलं. नंदूच्या जन्माच्या दाखल्यावर आईच्या नावापुढे जी बाई आहे ती त्याच्या चौथ्या वर्षी वारली.

सरांना सांगितलं. ते म्हणाले, "बेबी, तुझ्याकडून? आधी विचारलं असतंस तर दिराकडून दिले असते. मुलगा बापाला देतो, बाप वहिनीला देतो. दोन्ही नाती यादीत आहेत." मी घरी येऊन तुला हे सांगितलं. म्हणजे बघ, ज्याने पोर टाकलं तो कायद्याला तुझा नातेवाईक, आणि पोर कोणी नाही. तू भाजी निवडत होतीस. मान वर न करता म्हणालीस, "तेच्या हातचो पैसो माका नको. कायदो तेंका लखलाभ."

मग आपलं भांडण सुरू झालं. ते अजून संपलेलं नाही, तू मधेच उठून गेलीस.

मला एवढंच हवं होतं की खरं लिहून मोकळं व्हायचं. चूक झाली, तो पुतण्या आहे, कर भरते. कराचे पैसे मी माझ्या फंडातून काढणार होते, ते तुला कळणारही नव्हतं. पैसे गेले असते तर चाललं असतं. तू मात्र त्या एका वाक्यावर अडून बसलीस. तो माझा मुलगा नाही, हे तुझ्या नावाने जाणार नाही. मी 'मुलासारखा वाढवलेला' असं लिहून पाहिलं, सरांनी खोडलं. म्हणाले, असं मोघम लिहिलं तर ते पुन्हा विचारतील, स्पष्ट लिही. तू म्हणालीस, "त्या सायबाक चायेक बोलव. मी सांगतंय तेका." मी म्हटलं, "आई, साहेब नाही, पोर्टल आहे. तिकडे कोण बसलंय ते आपल्याला कळत नाही, आपण कोण ते त्याला कळत नाही." तू म्हणालीस, "मगे तेका कसा कळला नंदू माझो नाय ता?"

मी चिडले. मराठी मसुदा काढला आणि तुझ्यासमोर उभी राहून मोठ्याने वाचायला लागले, 'नंदकुमार हा माझा मुलगा नसून...' तू हातातला डाव ताटात आपटलास. "घरात असा बोलू नको! वास्तू तथास्तु म्हणता." मी हसले. भाड्याचं घर, भिंतीला टाचणी मारायची परवानगी नाही, त्याला कसली आलीय वास्तू. तू हसली नाहीस. देवापुढे जाऊन हात जोडून काहीतरी पुटपुटलीस.

तो शुक्रवार होता, नंदूच्या फोनचा दिवस. त्या शुक्रवारी फोन आला नाही. शनिवारीही नाही. रविवारी आला तो हॉस्पिटलातूनच. शिडीवरून पडला होता, खांदा निखळला. "काय नाय गो आई, थोडक्यात वाचलंय," म्हणाला. तू त्याच्याशी नेहमीसारखी बोललीस. फोन ठेवून माझ्याकडे पाहिलंस. तेव्हा मी मनात म्हटलं, म्हातारीचं काहीतरीच. आता तसं म्हणायची माझी हिंमत नाही.

दुसऱ्या दिवशी तू मला एक कागद दिलास, सायबाला पाठव म्हणून. वहीचं पान, दोन्ही बाजूंनी लिहिलेलं. नंदूला कांजिण्या आल्या तेव्हा किती दिवस कडुलिंबाच्या पाल्यावर निजवला. शाळेत नाव घालताना मास्तरांना काय सांगितलं. त्याच्या पाठीवर तीळ कुठे आहे. पहिल्या पगारात त्याने काय आणलं. शेवटी सही. असे कागद मी ऑफिसात रोज बाजूला काढते. तुझाही काढला, फायलीत सगळ्यात खाली घातला आणि तुला सांगितलं की पाठवला. हे पहिलं खोटं.

मग तुझ्या छातीत पाणी झालं. परळच्या हॉस्पिटलात तुला ठेवलं. वॉर्डात भेटायची वेळ ठरलेली, पण फोन तुझ्या उशाशी होता. उत्तराची शेवटची तारीख त्याच आठवड्यात. मी दुपारी ऑफिसात उत्तर भरलं. स्पष्ट लिहिलं, सरांनी सांगितलं होतं तसं. आता फक्त तुझ्या फोनवर येणारा ओटीपीचा नंबर टाकायचा राहिला होता. तुझी सही म्हणजे तो नंबर.

आपल्याकडे हे काम तुझंच होतं. बँकेचा नंबर, गॅसचा नंबर, मी ऑफिसातून फोन करायचे आणि तू चष्मा लावून एकेक आकडा वाचायचीस, दोनदा. वरचं इंग्रजी तुला वाचता यायचं नाही, आकडे यायचे. अभिमान होता तुला त्याचा. मी तुला फोन केला आणि म्हटलं, "आई, गॅसवाला आलाय दारात, सावंतवहिनी थांबल्यात. नंबर वाच."

तू खोकलीस. चष्मा शोधलास. मग म्हणालीस, "बेबी, गॅसचे चार आकडे असतत. आज सहा कित्याक गो?"

आई, मी तिथेच थांबायला हवं होतं. मी म्हटलं, "आता बदललंय."

तू थोडा वेळ काही बोलली नाहीस. मागे कोणाच्या तरी पलंगाची चाकं वाजत होती. मग तू वाचलेस, सहाच्या सहा, सावकाश, आणि पुन्हा एकदा पहिल्यापासून. मी टाकले. उत्तर गेलं. आणि ते जाताना, खरं सांगते, देवाशपथ सांगते, एक क्षण मला बरं वाटलं. चूक निस्तरली म्हणून नव्हे. कागदावर तुझी एकटीची मी उरले म्हणून. दुसऱ्या क्षणी मला माझीच किळस आली. पण पहिला क्षण होता, तो मी नाकारणार नाही.

संध्याकाळी भेटायला आले तेव्हा तू विचारलंस, "सिलिंडर इलो?" मी म्हटलं, आला. "वजन बघून घेतलंस? मागचो हलको होतो." मी म्हटलं, घेतलं. तू माझा हात धरलास आणि सोडलाच नाहीस, नर्सने हाकललं तोवर. त्यानंतर आपण फार बोललो नाही. चौथ्या दिवशी पहाटे तू गेलीस.

तेव्हापासून मी एकच गोष्ट घोकतेय. तू ते थांबलीस तेव्हा काय विचार करत होतीस? तुला कळलं होतं का? कळलं असेल तर वाचलेस का? आणि कळलं नसेल तर, ज्या बाईने घरात ते वाक्य मला पुरं करू दिलं नाही, तिच्याच तोंडून मी ते वदवून घेतलं.

नंदू दुपारच्या विमानाने आला. एक खांदा अजून आखडलेला, तरी तुला त्यानेच खांदा दिला, दुसऱ्या बाजूने. स्मशानातल्या क्लार्कने रजिस्टर ओढलं. "मयताशी नातं?" नंदू म्हणाला, "मुलगा." क्लार्कने आधार कार्ड घेतलं. मी शेजारी उभी होते. त्याचं पेन सीतारामपाशी थांबलेलं मी पाहिलं. त्याने तुझ्या नावाकडे पाहिलं, मग नंदूकडे. नंदूच्या हातात मडकं होतं आणि नाकातून पाणी गळत होतं, ते पुसायला हात मोकळा नव्हता. क्लार्कने मान खाली घातली आणि लिहिलं. मला त्या अनोळखी माणसाच्या पाया पडावंसं वाटलं. बाराव्याला कोणीतरी म्हणालं, पुतण्या असून मुलासारखं केलं हो. नंदू पानावरून उठला नाही, पण जेवलाही नाही.

आणि आता त्या पत्रात काय आहे ते ऐक. देणाऱ्याने सही करून लिहिलंय की घेणारी त्याची आई. घेणारी म्हणते की तो तिचा मुलगा नाही. दोघांपैकी खोटं कोण, याचा खुलासा करा, देणाऱ्याच्या सहीनिशी. म्हणजे माझ्या चुकीच्या कागदावर खोटारडा म्हणून नंदू उभा आहे, आणि त्याच्याविरुद्ध साक्ष देणारी तू. मेलेल्याच्या वतीने वारसाने उत्तर द्यायचं असतं. वारस म्हणून नाव लावायला गेले तर तिथेही एकाच माणसाची जागा निघाली. तीही माझीच.

*

इथवर लिहिलं तेवढ्यात नंदू आला. घामाघूम. दाखल्याच्या चार प्रती आणल्या होत्या. पाणी प्यायला आणि खिशातून घडी केलेला आणखी एक कागद काढला. स्मशानातल्या पावतीची झेरॉक्स.

"ताय, ही पण लाव फायलीक," म्हणाला. "नात्याचो पुरावो लागता ना तुका? बघ, म्युन्शिपाल्टीचो शिक्को आसा."

मी कागद हातात घेतला. मयताचं नाव, सुलोचना विठ्ठल. माहिती देणारा, नंदकुमार सीताराम. नातं, मुलगा. खाली गोल शिक्का, जरा पुसट.

फाईल टेबलावरच होती. मी उघडली आणि बंद केली नाही. वरच तुझं उत्तर होतं, तो मराठी मसुदा, तुझ्या सहीची जागा कोरी. नंदू माझ्या खांद्यावरून वाकला आणि वाचायला लागला. त्याला मनात वाचता येत नाही, तुला माहीत आहे, ओठ हलतात, आवाज फुटतो. "नंदकुमार हा माझा..." मी त्याला अडवणार होते. तुझ्यासारखं ओरडायचं होतं मला, घरात असं बोलू नको म्हणून. त्याने शेवटपर्यंत वाचलं.

मग त्याने विचारलं, "आयेक म्हायत होता?"

मी म्हटलं, "नंबर तिने वाचला. गॅसचा म्हणून."

"सहा आकडे?"

"सहा."

"तिना इचारल्यान नाय? सहा कित्याक ता?"

"विचारलं."

"मगे?"

"मग वाचले."

तो खुर्चीत बसला. निखळलेल्या खांद्यावर दुसरा हात ठेवून बसला, लहानपणी मनगट धरून बसायचा तसा. मी फायलीच्या तळातून तुझं वहीचं पान काढून त्याच्यापुढे ठेवलं. ते त्याने मोठ्याने वाचलं नाही. कांजिण्यांपाशी आला असेल, तेव्हा उठून मोरीत गेला आणि नळ सोडून ठेवला.

परत आला तेव्हा शांत होता. मला त्याने शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. खुलाशावर त्याची सही लागते हे मी सांगितलं, तेव्हा त्याने तो कागद मागितला. मी म्हटलं, अजून पुरा लिहिलेला नाही, नात्याचा रकाना कोरा आहे. तो म्हणाला, "असू दे." खाली सही केली, आखडलेल्या हाताने, वाकडी. पेनाला टोपण लावलं.

"तू लिवशीत ता खरा," म्हणाला आणि बॅग भरायला गेला.

*

आज रविवार. तो काल गेला. जाताना मला नमस्कार केला, नेहमीसारखा. नव्या घरातल्या खोलीबद्दल काही बोलला नाही. पोहोचल्याचा फोन अजून आलेला नाही.

मी ऑफिसच्या रिवाजाप्रमाणे सगळं तयार केलं. तुझं वहीचं पान जोडलं आणि स्मशानाची पावती जोडली. दोन्ही कागद बाजूला काढले जातील हे मला पक्कं माहीत आहे, तरी जोडले. रकान्यात 'पतीच्या भावाचा मुलगा' लिहिलं. हेच लिहावं लागणार होतं. ते लिहिताना आत काही बरं वाटतंय का, ते मी थांबून पाहिलं. वाटलं नाही. तेवढं तुला कळावं.

मग नंबर मागवला. आता वारस मी, म्हणून तो माझ्याच फोनवर आला. मी चष्मा लावला आणि तुझ्यासारखे एकेक करून आकडे मोठ्याने वाचायला लागले, या रिकाम्या घरात. पाच वाचले. सहाव्यापाशी थांबले आणि तुझ्या फोनकडे पाहत बसले.

दहा मिनिटांनी तो नंबर रद्द झाला. उद्या पुन्हा मागवावा लागेल.